मक्केच्या शेवटचा ‘एच’

गिरगावातल्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधकाची उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. कोकणातून हजला जाणाऱ्यांसाठी एक मराठी पुस्तिका छापायला आली होती. बत्तीस पानांची, खिशात मावेल एवढी. एहरामचं वस्त्र कसं बांधायचं, सोबत काय न्यायचं, औषधं कुठली ठेवायची, असा साधा उपयोगाचा मजकूर कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत आणलेला. मी गॅली प्रूफं तपासली, ऱ्हस्वदीर्घ सुधारले, उलटा बसलेला एक खिळा पकडला आणि समाधानानं खाली सही केली.

छपाईच्या आदल्या दिवशी पुस्तिका काढणाऱ्या मंडळींनी एका वयस्क चाचांना वाचायला पाठवलं. चाचा रत्नागिरीकडचे. मुंबई ते जेद्दा ही हजची बोट तेव्हा चालू होती, ती 1995 मध्ये कायमची बंद झाली. चाचांनी ऐन उमेदीची वर्षं मोगल लाइन कंपनीच्या बोटींवर खलाशी म्हणून काढलेली. ‘मोहम्मदी’, ‘मुझफ्फरी’ ही बोटींची नावं ते घरच्या माणसांची घ्यावीत तशी घेत. पुढं काही वर्षं ते जेद्दाच्या गोदीतच कामाला होते. त्यांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि बोट ठेवलं.

“मास्तर, हे मेक्का कुठलं हो?”

मी म्हटलं, “चाचा, मक्का. हजचं.”

“ते कळलं. पण तिथं माणसं मक्का म्हणतात. इथं माझी आई मक्का म्हणायची, तुमची आईही मक्काच म्हणत असणार. मग मधेच हे मेक्का कुणी आणलं?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बत्तीस पानांत ‘मेक्का’ एकोणीस वेळा होतं आणि एकोणीसही वेळा माझ्या नजरेखालून गेलं होतं. खिळे पुन्हा जुळवायला लागले, कंपोझिटरचा अर्धा दिवस मोडला, पुस्तिका ‘मक्का’ लिहूनच बाहेर पडली. चाचांचा प्रश्न मात्र माझ्याकडे राहिला.

उत्तराचं पहिलं टोक सापडलं ते टाउन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात. रिचर्ड बर्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहिलेला मदिना आणि मक्केच्या यात्रेचा वृत्तांत हाती आला. 1855-56 साली लंडनमध्ये तीन खंडांत निघालेलं पुस्तक. त्याच्या नावातच मक्केचं स्पेलिंग होतं एम-ई-सी-सी-ए-एच. मुद्रितशोधकाचा हात आधी पेन्सिलीकडे जातो. मला वाटलं, शेवटचा ‘एच’ चुकून पडलाय. पान उलटलं, तिथंही ‘एच’. पुढंही तोच. इतक्या ठिकाणी सारखं येतं ते चुकून आलेलं नसतं, ते कुणीतरी ठरवून बसवलेलं असतं.

आज हे स्पेलिंग कुणी वापरत नाही. इंग्रजी शब्दकोशांत मुख्य नोंद ‘एच’शिवायची असते आणि सौदी अरेबियाच्या सरकारी कागदांवर दुसरंच रूप असतं, एम-ए-के-के-ए-एच. बर्टनचं रूप या दोहोंच्या मधलं. अर्धं लंडनचं, अर्धं अरबस्तानचं. ते असं का झालं हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्यासाठी अरबी अक्षरांची तोंडओळख करून घ्यावी लागली.

अरबीत ऱ्हस्व स्वर तीनच धरतात: अ, इ, उ. ‘ए’ आणि ‘ओ’ यांना स्वतंत्र अक्षर नाही. पण बोलताना ‘अ’ पुष्कळ जागी पुढं सरकतो, पातळ होतो आणि परक्या कानाला ‘ए’सारखा लागतो. युरोपातल्या कानांना तो तसाच लागला. मधल्या ‘क’चं द्वित्व अरबीत एकाच अक्षरानं लिहितात आणि डोक्यावर ‘शद्दा’ नावाची खूण देतात. लॅटिन वळणाच्या लेखनानं ते दोन ‘सी’ लिहून दाखवलं. म्हणजे ‘मेक्क’ एवढा भाग कानांनी ऐकलेला आणि लॅटिन हातांनी लिहिलेला.

शेवटचा ‘एच’ मात्र डोळ्यांचा. मक्का हा शब्द अरबीत ज्या अक्षरानं संपतो त्याला ‘ता मरबूता’ म्हणतात. बांधलेला ‘त’. त्याचा आकार ‘ह’चा आणि वर ‘त’चे दोन ठिपके. शब्द तिथंच थांबला तर तोंडातून ‘अः’सारखा हलका श्वास निघतो. पुढं दुसरा शब्द जोडला की आतला ‘त’ जागा होतो. चाचा नुसतं ‘मक्का’ म्हणायचे, पण पूर्ण मानाचं नाव घेताना ‘मक्कतुल मुकर्रमा’ म्हणायचे. कुठून आला हा ‘त’, असं मला तेव्हा वाटलं होतं. आपल्याकडे विसर्गाचं असंच आहे. ‘मनः’ एकटं असताना नुसता श्वास, आणि ‘मनोरथ’ म्हटलं की त्याचा ‘ओ’ होतो. ज्याला विसर्ग कळतो त्याला ता मरबूता समजावून सांगावी लागत नाही.

ज्यानं हा शब्द अरबी लिपीत लिहिलेला पाहिला त्यालाच शेवटी ‘एच’ लिहावासा वाटणार. केवळ ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला त्याची गरज नाही. बर्टनच्या आधी इंग्रजीत काय लिहीत होते ते पाहिलं की हे नीट कळतं. 1599 मध्ये हॅक्लूटनं आपल्या संग्रहात मक्केच्या वार्षिक यात्रेचं वर्णन छापलं, त्यात शेवटी ‘एच’ नाही आणि मुसलमानांना ‘महुमितन’ म्हटलंय. एक्सेटरचा जोसेफ पिट्स हा खलाशी अल्जीरियाच्या चाच्यांच्या हाती सापडला, गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकाबरोबर हजला गेला. सुटून आल्यावर 1704 मध्ये त्यानं पुस्तक छापलं, त्यात ‘मोहमेतन’. स्विस प्रवासी बुर्कहार्ट 1814 मध्ये तिथं पोचला. त्याच्या पुस्तकात ‘मेक्का’ दोन ‘के’ घालून आणि जेद्दा ‘डी’ लावून, ‘द्जिद्दा’. ज्याची मातृभाषा जशी, तसं शहराचं नाव. त्या शहरातल्या माणसानं ते नाव कसं लिहिलं असतं हे विचारावं, असं फारसं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

बर्टनलाही ते आपसूक सुचलं नसावं. त्यामागं मुंबई होती. 1842 मध्ये एकविसाव्या वर्षी तो मुंबई बंदरात उतरला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीत दाखल व्हायला. पलटण बडोद्याला. कंपनीच्या नोकरीत देशी भाषांच्या परीक्षा दिल्या की बढतीची वाट मोकळी व्हायची. बर्टन भाषांवर तुटून पडला. हिंदुस्तानी, गुजराती आणि त्यामागोमाग मराठी. होय, मक्केत वेषांतर करून शिरलेला हा इंग्रज मुंबईत मराठीच्या परीक्षेला बसला होता आणि पास झाला होता. पुढं सिंधमध्ये मोजणीच्या खात्यात असताना फारसी, सिंधी आली. एका आवाजाला निरनिराळ्या लिप्या निरनिराळं बांधतात, हे अशा माणसाच्या रोजच्या अनुभवाचं असणार.

1852 च्या शरदात त्यानं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढं अरबस्तानाची मोहीम मांडली. कंपनीकडे तीन वर्षांची रजा मागितली. ती मिळाली नाही. अरबी पक्की करण्यासाठी म्हणून एक वर्षाची मिळाली. सरकारी दप्तरात हा भाषेचा अभ्यासदौरा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. एप्रिल 1853 मध्ये तो साउदॅम्प्टनहून निघाला. वेष आधी इराण्याचा, मग कैरोत पठाण हकीम शेख अब्दुल्लाचा. त्याच वर्षी जुलैत मदिना, 11 सप्टेंबरला मक्का.

पडद्यामागचा खरा किस्सा त्याच्या टिपणांचा आहे. यात्रेकरूच्या हातात वही आणि पेन्सिल दिसली असती तर संशय आला असता, आणि तिथं संशय जिवावर बेतणारा. कुराण ठेवायची, खांद्यावरून अडकवायची पिशवी असते, तिला हमाईल म्हणतात. बर्टननं तशीच दिसणारी एक पिशवी करून घेतली. आत तीन कप्पे: एकात घड्याळ आणि होकायंत्र, एकात पैसे, एकात चाकू, पेन्सिली आणि तळहातात लपतील अशा कागदाच्या चिठ्ठ्या. चित्रं काढली की त्यांचे तुकडे करून, क्रमांक घालून तो औषधांच्या डब्यांत दडवायचा. परतताना जेद्दाहून सुएझला जी आगबोट मिळाली तिचं नाव होतं ‘द्वारका’.

या चिठ्ठ्यांचं पुस्तक झालं, त्यातलं बरंचसं काम 1854 मध्ये मुंबईत परतल्यावर झालं. ते लंडनला छपाईला गेलं तेव्हा लेखक जागेवर नव्हता. तो सोमालियाच्या किनाऱ्यावर नव्या मोहिमेत होता. एप्रिल 1855 मध्ये बर्बेराला त्यांच्या तळावर हल्ला झाला आणि एक भाला त्याच्या एका गालातून शिरून दुसऱ्यातून बाहेर आला. तिकडे हे होत होतं आणि इकडे त्याचा मित्र थॉमस वुली हस्तलिखित छापखान्यातून पार करत होता. पहिल्या आवृत्तीची प्रस्तावनाही वुलीचीच. लेखक आफ्रिकेत, मजकूर शेकडो अरबी नावांनी भरलेला, आणि विचारायला कुणी नाही. ज्यानं कधी हाती प्रूफ धरलं असेल त्यानं वुलीबद्दल दोन मिनिटं उभं राहावं. त्या घाईतही मक्केचा ‘एच’ गळला नाही.

याच पुस्तकाची 1893 ची स्मृती-आवृत्ती पाहिली तर आणखी एक गंमत दिसते. तोवर बर्टन वारलेला होता. पहिल्या आवृत्तीतलं ‘एल-मेदिना’ आता ‘अल-मदिना’ झालेलं. म्हणजे ‘ई’ या अक्षराची चूक उमगली होती आणि मदिनेपुरती सुधारलीही होती. मक्केचा ‘ई’ तसाच राहिला. जितकं नाव जास्त प्रसिद्ध, तितकी त्याची चूक हट्टी. मी हे पुढं शेकडो प्रूफांत अनुभवलं.

दुसरा किस्सा लॉरेन्सचा, आणि तो सांगताना मी तटस्थ राहू शकत नाही. पहिल्या महायुद्धात मक्का-जेद्दाच्या हेजाझ प्रांतात अरबांच्या उठावात लढलेला टी. ई. लॉरेन्स. त्याच्या मोठ्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्ती ‘रिव्होल्ट इन द डेझर्ट’ लंडनच्या जोनाथन केपनं 1927 मध्ये काढली. पुस्तक बाजारात आलं तेव्हा लॉरेन्स नाव बदलून कराचीच्या विमानदळाच्या तळावर साधा सैनिक होता, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. मक्का-जेद्दाच्या इंग्रजी नावांची ही दोन्ही प्रकरणं फिरून मुंबई इलाख्याशी येऊन भिडतात.

या पुस्तकाची प्रूफं वाचणाऱ्या माणसाचं नाव मला कुठं सापडलं नाही. मला तो ‘एफ’ या एका अक्षरापुरताच माहीत आहे. त्यानं फार काळजीनं प्रश्नांची यादी केली. जेद्दा दोन तऱ्हांनी लिहिलंय, हे मुद्दाम का? लॉरेन्सनं कळवलं की अगदी मुद्दाम. एका टोळीचं नाव पानापानाला बदलतंय. त्यावर लॉरेन्सनं आणखी दोन स्पेलिंगं वापरायला हवी होती असं सुचवलं. एका सांडणीचं नाव एका ठिकाणी ‘एच’नं संपतं, दुसरीकडे नाही. उत्तर आलं की जनावर मोठं उमदं होतं. एका शरीफाचं, म्हणजे पैगंबरांच्या वंशातल्या मानकऱ्याचं, नाव तर पाच-सहा तऱ्हांनी आलं होतं, त्यावर लॉरेन्सनं स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्याचं म्हणणं असं की अरबी नावं इंग्रजीत नेमकी बसतच नाहीत, शास्त्रीय म्हणवणाऱ्या लिप्यंतर पद्धती ज्याला अरबी येतं त्यालाच कळतात, आणि त्या किती निरुपयोगी आहेत हे दाखवायलाच तो मनाला येईल तसं लिहितो. ही प्रश्नोत्तरं पुढं त्याच्या भावानं मोठ्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत छापली आणि इंग्रजी वाचक त्यावर आजही खूश होतात.

मी खूश होऊ शकत नाही. भाषाशास्त्र म्हणून लॉरेन्स बरोबर आहे. जेद्दाचंच घ्या. पहिला स्वर ‘उ’ धरला तर ‘जुद्दा’, आणि अर्थ समुद्रकाठाशी जातो. ‘अ’ धरला तर ‘जद्दा’, म्हणजे आजी. शहराबाहेर हव्वेची म्हणून एक लांबलचक कबर होती, मानवजातीच्या आजीची. ती 1928 मध्ये पाडली. लोकांच्या तोंडी ‘जिद्दा’ आणि ‘जेद्दा’. कुठला स्वर खरा यावर अरब विद्वानांचंही एकमत नाही, तेव्हा एकच स्पेलिंग पवित्र मानायला आधार नाही, हे कबूल. पण ‘एफ’चा प्रश्न वेगळा होता. तो वाचकासाठी विचारत होता. या पानावरचा माणूस आणि त्या पानावरचा माणूस एकच आहे ना, एवढंच त्याला हवं होतं. पाच तऱ्हांनी लिहिलेला शरीफ हा हाडामांसाचा माणूस होता, उठावात जीव धोक्यात घालून उतरलेला. त्याचं नाव निदान एका पुस्तकात एका तऱ्हेनं यायला हवं होतं. लॉरेन्सची उत्तरं सगळ्यांना पाठ आहेत आणि ‘एफ’चं नाव फारसं कुणाला माहीत नाही, हे मला आजही खुपतं.

यावरचं तिसरं प्रकरण माझ्या डोळ्यांदेखत घडलं. 1980 च्या दशकात सौदी सरकारनं ठरवलं की इंग्रजीतही शहराचं नाव ‘मक्का’ असंच उमटेल असं लिहायचं: ‘एम-ए’, दोन ‘के’ आणि शेवटी ‘ए-एच’. रस्त्यांवरच्या पाट्या, सरकारी पत्रं, जेद्दाहून निघणारी इंग्रजी वृत्तपत्रं यांत ते रुळलं. बर्टनचा ‘एच’ सव्वाशे वर्षांनी अधिकृत झाला आणि त्याचा ‘ई’ अखेर गळला.

यामागं उच्चाराइतकंच आणखी एक कारण सांगितलं जातं, आणि ते मला पटतं. इंग्रजीत हे नाव एकोणिसाव्या शतकापासून सामान्यनाम झालं होतं. खरेदीची मेक्का, फॅशनची मेक्का, पर्यटनाची मेक्का. ब्रिटनमध्ये तर पैसे लावून बिंगो खेळायच्या दालनांच्या एका साखळीचंच हे नाव आहे. ज्या धर्मात जुगार निषिद्ध, त्याच्या सर्वांत पवित्र शहराचं नाव त्या दारावर. आपलं स्पेलिंग वेगळं केलं की पवित्र नाव त्या गर्दीतून बाजूला काढता येतं.

मराठी वर्तमानपत्रांत लॉर्ड्सच्या मैदानाला काय म्हणतात? क्रिकेटची पंढरी. आपण परकी उपमा उचलली नाही, घरची लावली. पंढरी म्हणताना त्यात विठोबाचा मान आहे, वारकऱ्याची ओढ आहे, म्हणून कुणाला ते खटकत नाही. पण उद्या लंडनच्या एखाद्या पत्त्यांच्या अड्ड्यानं दारावर ‘पंढरपूर’ अशी पाटी लावली, आणि तीही मोडक्या स्पेलिंगात, तर देहू-आळंदीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला काय वाटेल? सौदी अरेबियाचा तो निर्णय मला समजला तो या प्रश्नाच्या वाटेनं.

आणि आपण तरी वेगळं काय केलं? पुण्याचं इंग्रजी ‘पूना’ 1978 मध्ये गेलं. ‘बॉम्बे’ 1995 मध्ये गेलं. ‘ठाणा’चं ठाणे झालं, ‘किरकी’ची खडकी, ‘शोलापूर’चं सोलापूर. पहिल्या पहिल्यांदा लोक हसले, खर्च मोजला, एवढ्यानं काय होणार म्हणाले. आज पंचविशीतल्या मुलाला ‘किरकी’ म्हणजे काय हे सांगावं लागतं. नाव तिथं राहणाऱ्याच्या तोंडचं असावं, एवढी साधी मागणी होती. मक्केच्या माणसांनी तीच केली.

या सगळ्यात आपल्या पदरात एक भाग्य आयतं पडलं आहे. देवनागरीला हा शब्द लिहिताना काहीच अडचण नाही. ‘म’मधला अ जागेवर, ‘क’चं द्वित्व जोडाक्षरात, शेवटी काना. जवळजवळ चार शतकं रोमन लिपीत जी ओढाताण चालली, बर्टननं ज्यासाठी ‘एच’ जोडला आणि सौदी सरकारला ज्यासाठी निर्णय घ्यावा लागला, ते काम मराठीत कोकणातल्या निरक्षर आजीच्या तोंडून आणि गावच्या शिक्षकाच्या खडूनं कधीच झालेलं होतं. आपल्याकडे ‘मक्का-मदिना’ हे नाव इंग्रजीच्या आधी आलं, समुद्रावरून, हाजींच्या तोंडून आलं. ‘मेक्का’ नंतर आलं, तारेवरून आणि टेलिप्रिंटरवरून, घाईत भाषांतर करणाऱ्या टेबलावरून. माझ्यासारख्यानं ते तपासून खाली सही केली.

चाचा आता नाहीत. त्या पुस्तिकेची एक प्रत मी ठेवली आहे. पान पिवळं पडलंय, खिळ्यांचा दाब अजून बोटाला लागतो. हजच्या दिवसांत वर्तमानपत्रं उघडली की कुठंतरी ‘मेक्का’ अजूनही दिसतं, कधी ‘जेद्दाह’ही, शेवटच्या ‘एच’चा ‘ह’ करून. उपसंपादकांना आणि मुद्रितशोधकांना माझं सांगणं एवढंच की इंग्रजी मजकूर समोर असला तरी नाव मराठीतलं लिहा: मक्का, मदिना, जेद्दा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी छापलेलं ‘मेक्का’ दिसलं तर संपादकांना दोन ओळींचं पत्र टाका.